दादा, तू बेलभंडार उचलला होतास

प्रिय दादा,

काल लोणावळ्यात तुझी शोकसभा झाली. "मावळचा कैवारी गेला," असं एकजण हुंदका देत म्हणाला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथे बोलता येईना, म्हणून तुलाच लिहिते आहे.

मला अक्षरं तूच शिकवलीस. "पोरीला वकील करतोस काय?" म्हणून आई तुझ्यावर करवादायची. तिचं ऐकलं असतंस तर आज या पत्रातून सुटला असतास की रे!

किती अभिमान होता मला तुझा! वडगावच्या कोर्टात तू कुळांची बाजू मांडायचास, तेव्हा माझ्या सासरचं गाव भाकरी बांधून ऐकायला यायचं. पुढे धरणाची बातमी आली. तू तेव्हा कौन्सिलच्या निवडणुकीला उभा होतास. आमच्या भैरोबाच्या देवळात सगळ्यांबरोबर तूही बेलभंडार उचललास, शपथ घेतलीस की ही जमीन पाण्याखाली जाऊ देणार नाही. कुणी सांगितलं होतं? मतं तुला तशीही मिळालीच असती.

निवडून आलास. मग हरकती नोंदवायची नोटीस लागली. मी सासऱ्यांना म्हटलं, अर्ज करू या. ते माझ्यावरच उखडले.

"वकीलसायबांनी देवाफुडं बेल उचललाय. आता कोर्टात जायाचं म्हंजी देवावर इस्वास न्हाई व्हय आपला?"

गावात एकानेही अर्ज केला नाही. मुदत टळली.

देवाला कायदा ठाऊक नसेल, तुला तर होता ना! 'अर्ज करा' एवढा एक निरोप धाडायला काय झालं होतं? उलट कौन्सिलात तू धरणाच्या बाजूने हात वर केलास. मी जाब विचारायला आले तेव्हा म्हणालास, "सरू, राजकारणात मागचंपुढचं बघावं लागतं." मी तुझ्या घरचा चहाही न घेता उठले.

आता मळवलीला एका शेठच्या बंगल्याची राखण करतो आम्ही. सासरे मरेपर्यंत तुला वाईट बोलले नाहीत. "त्येंचा काय तरी नाइलाज आसंल," म्हणायचे. मला त्याचाच जास्त संताप येतो.

आणि तरी काल तुझी तसबीर बघून रडले. माझी मलाच लाज वाटली.

एक वचन देते. येत्या भाऊबीजेला, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी, मी चंद्राला ओवाळीन. लोक हळहळतील, भाऊ गेला बिचारीचा. त्यांना मी खरं ते सांगेन. शेतात पाणी चढलं, त्या वर्षापासून मी चंद्रालाच ओवाळते आहे.

तुझीच,
सरू