मावशीच्या फोनमधली अक्षरं

कुह्मो, १३ मार्च २००५

चि. मार्युत हिला रायली मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपण दोघीही गप्प बसण्यात पटाईत, म्हणून पत्र. तळ्यावरचं बर्फ अजून पक्कं आहे आणि मी रोज भोक पाडून गळ टाकून बसते. नाताळात तू माझ्या फोनमध्ये घालून दिलेला प्रोग्रॅम चालतो. नावं एकामागून एक येतात, हवं ते आलं की बटण दाबायचं, फोन लागतो, सगळं छान. पण ते बटण वाटाण्याएवढं आणि लोकरी मोज्यातलं माझं बोट बटाट्याएवढं. अक्षरं तर तू मोठी करून दिलीस तरी मुंग्यांसारखीच. आणखी जरा मोठी कर.

आता कामाचं. आपल्या नगरपालिकेत संगणक सांभाळायची जागा निघाली आहे. कायमची, पेन्शनची. एप्रिलअखेर अर्ज द्यायचा. तिथल्या मुख्य बाईंच्या कानावर मी तुझं नाव घालून ठेवलंय. तुझ्या त्या फोनच्या धंद्याचं काय खरं? आज आहे, उद्या नाही. तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. तेव्हापासून मला तुझी काळजी करायची सवय लागली आहे, ती काही सुटत नाही.

लोभ असू दे, आणि टोपी घालत जा.
रायली मावशी

---

औलू, २० मार्च २००५

ती. रायली मावशीस, मार्युतचा सा. न. वि. वि.

टोपी घालते. धंद्याचं म्हणशील तर औलूत सध्या दुसरा विषयच नाही. बसमध्ये शेजारी बसलेला माणूससुद्धा फोनसाठी काहीतरी लिहीत असतो. नुसती संगणकाची भाषा येऊन भागत नाही. फोनचं पोट लहान, त्यात फार काही मावत नाही. वापरून झालेली जागा लगेच रिकामी केली नाही तर फोन आहे तिथे बंद पडतो. पाठीवरच्या पिशवीत आठवड्याची शिदोरी भरावी तसं काम. त्यात प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी. संगणकावर शहाण्यासारखं चालणारं प्रोग्रॅमचं पोर फोनमध्ये शिरलं की वेड्यासारखं करतं. आमचे कॉलेजातले सर म्हणतात, ज्याला थोडक्यात भागवता येतं तो या धंद्यात उपाशी मरणार नाही.

मी मात्र मरेन असं दिसतं. मोठ्या कंपनीत मुलाखत झाली. हे सगळं किती येतं असं विचारलं, मी म्हटलं थोडंफार. माझ्या वर्गातल्या यार्क्कोने सांगितलं की तो त्यातला तज्ज्ञ आहे. त्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका मी काढून द्यायचे, मावशी! जागा त्याला मिळाली. आपल्याकडे उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण तिथे खळखळाटच ऐकत होते.

ईस्टरला येते. तुझं बटण आणि मुंग्या दोन्ही बघते.

तुझा लोभ आहेच, तो वाढव.
मार्युत

---

कुह्मो, ७ एप्रिल २००५

चि. मार्युत हिला अनेक आशीर्वाद.

तू ईस्टरला काय करून ठेवलंस ते ऐक. कुठलंही बटण दाबलं तरी चालेल असं केलंस, मोज्यांची सोय झाली म्हणून मी खूश. थंडीत बॅटरी मरते, म्हणून फोन मी लोकरी आतल्या चड्डीला शिवलेल्या खिशात ठेवते. परवा बादलीवर बसले, मासा लागला, ओढता ओढता सुटला आणि मी जे बोलायचं ते बोलले. चांगलं सविस्तर बोलले. मग चड्डीतून पाद्री होन्कासालोंचा आवाज आला! बसल्याबसल्या बटण दाबलं गेलं होतं. रविवारी चर्चमधल्या कॉफीला ते सगळ्यांदेखत म्हणाले, की रायलीची भाषा एवढी संपन्न आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी लिंगनबेरीचे गोड रॉन्तोनेन पाव न खाता घरी आले. तुझ्यापायी!

तेव्हा हे नीट कर. आणि अक्षरं अजून मोठी कर. एका वेळी एकच नाव आलं तरी चालेल. एकेक अक्षर आलं तरी चालेल.

मुलाखतीबद्दल काय सांगू? न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. अर्जाचं विसरू नकोस.

राग नाही, लोभच आहे.
रायली मावशी

---

औलू, २१ एप्रिल २००५

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

काल टायरच्या दुकानावरच्या एका छोट्या कंपनीत गेले होते. पाच माणसं, मालक सेप्पो तेन्हुनेन. त्यांनीही विचारलं, काय काय येतं. माझ्या तोंडून पुन्हा थोडंफारच निघणार होतं. मग मी तुझं पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. रागावू नकोस. स्वतःबद्दल बोलायला जीभ उचलत नाही, तुझ्या तक्रारी दाखवायला लाज वाटली नाही. पाद्रीबुवांपाशी आल्यावर ते डोळे पुसत हसले. मग म्हणाले, यावर काय केलंस? मी माझ्या फोनवर दाखवलं. आता बटण दाबून धरल्याशिवाय फोन लागत नाही, नुसतं बसून लागत नाही. त्यांनी तासभर खोदून खोदून विचारलं आणि नोकरी देऊ केली.

पण त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि विचारलं, की तुझ्या मावशीला दिसतं किती?

मावशी, मी नाताळात अक्षरं मोठी केली. ईस्टरला आणखी मोठी केली. कसं करायचं याचाच विचार केला, का लागतात हे एकदाही मनात आलं नाही. बाहेर आल्याआल्या शेजारच्या आउनेला फोन केला. तिने कायानीच्या डॉक्टरांचं, तुझ्या जात चाललेल्या नजरेचं सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, रडत होती बिचारी.

नगरपालिकेचा अर्ज सोबत भरून पाठवते आहे. तेवढा नेऊन दे. तेन्हुनेनना पुढच्या आठवड्यात नाही म्हणून कळवते. मी घरी येते. वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटत नाही.

तुझ्याच लोभाची,
मार्युत

---

कुह्मो, २६ एप्रिल २००५

चि. मार्युत हिला अनेक आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर समजून घे.

आउनेशी दोन दिवस अबोला धरला. मग कॉफी प्यायला कुणी नाही म्हणून सोडला. माझ्या चड्डीची हकिगत परक्या पुरुषाला वाचायला दिलीस त्याचा हिशोब समोरासमोर करू.

अर्ज मिळाला. घेऊन निघालेही. नगरपालिकेच्या दाराशी उभी राहिले आणि मनात म्हटलं, रायली, ही जागा तू कुणासाठी शोधलीस? खरं सांगते, माझ्यासाठी शोधली. डोळ्यांचं तुला न सांगता तू घरी यावीस म्हणून केलेली ती लबाडी होती. तू यावीस असं मला रोज वाटतं. संध्याकाळी भीतीही वाटते. पण तुला नाही वाईट वाटत हे खोटं आहे. तासभर कुणी विचारत होतं आणि तू बोलत होतीस, हे लिहिताना तुझं अक्षर कसं धावलंय, तेवढं मला अजून दिसतं.

परत आले. शनिवारी वाफेच्या अंघोळीला सौना पेटवला तेव्हा चुलीत आधी तो अर्ज घातला. चांगला पेटला.

तेन्हुनेनना आजच्या आज हो म्हणून कळव. सुट्टीला ये, हवी तितकी ये. पण म्हातारपणाची काठी म्हणून मी तुला वाढवलं नाही. पांढरी काठी लागेल तेव्हा सरकार फुकट देईल, ती दारामागे ठेवता येते. मार्युत मला एकच मिळाली. तिला मी दारामागे उभी करणार नाही.

तुझी
रायली मावशी