पोत्याची शिवण

४ मार्च
ढीग पलटायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. कडेचा थंड माल आत घालायचा, आतला तापलेला बाहेर काढायचा – खतातलं खरं काम एवढंच. पण कालव्यावर एकजण घोड्याला आंघोळ घालत होता आणि घोडा पाण्यातून निघायलाच तयार नाही! बघत बसलो. परत आल्यावर मालक म्हणाले, "झालं का रे?" म्हटलं, झालं.

१२ मार्च
खताची पोती भरली, शिवली. एक ताईकडे धाडलं, गच्चीतल्या कुंड्यांसाठी. फोनवर म्हटलं, "रविवारी येतो. टोमॅटो मीच लावणार."
"तू आणि रविवार!" – ताई. भाचा हल्ली कुंडीतली माती खातो म्हणे. टकलूच आहे अजून.

१६ मार्च
गेलो नाही. कालव्याच्या कडेनं चालत सुटलो, उगाच.

२ एप्रिल
टकलूचा कान वाहतोय. पहिल्या औषधाला जंतूंनी दाद दिली नाही, डॉक्टरांनी बदलून दिलं. ताईचा आवाज बसला होता. मी तिला घोड्याची गोष्ट सांगितली. हसली नाही.

९ एप्रिल
आपल्या खताचा नमुना तपासायला नेलेल्या प्रयोगशाळेच्या बाई आल्या. म्हणाल्या, आपलं कोंबडीखत ज्या पोल्ट्रीतून येतं तिथे कोंबड्यांना अँटिबायोटिक देतात. औषधाला न जुमानण्याची जनुकं त्यांच्या विष्ठेतल्या जंतूंत असतात. ढीग नीट तापला, मुरला तर बरीच कमी होतात. आपल्या मालात भरपूर सापडली. जंतू मेले तरी ती मागे राहू शकतात, दुसरे जंतू उचलतात.
मालक म्हणाले, "आमचा ढीग हात भाजेल इतका तापतो, बाई."
"मध्ये तापला. कडेचा माल आत गेलेलाच नाही."
"छे. पोरानं स्वतः पलटलाय."
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. विचारलं असतं तर बरं झालं असतं.
बाई निघाल्या तेव्हा मागे गेलो. माती खाल्ल्यानं लहान पोराचा कान वाहील का? "असं बोट ठेवून सांगता येत नाही," म्हणाल्या. म्हणजे नाही असंही नाही.

१० एप्रिल
मालकांना घोडा, कालवा, सगळं सांगितलं.  ते पोती परत मागवायला फोन लावू लागले. ताईचा नंबर माझ्याकडे. दिवसभर फोन हातात होता. काय विचारू – टकलूनं माती खाल्ली का? माझी?

११ एप्रिल
ताईकडे गेलो. पोतं जिन्याखाली, माझी वाकडी शिवण जशीच्या तशी. "तू लावणार होतास ना," ती म्हणाली. "म्हटलं, येशील." टकलू कानात कापूस घालून पोत्यावरच बसला होता. मला ओळखलं नाही त्यानं. पोतं खांद्यावर घेतलं तेव्हा रडला – पोत्यासाठी.