कढी सरली, भात उरला

श्रीयुत व्याही लिलाधरजी यांच्या सेवेशी,

कोंढ्याहून दादाजीचा सप्रेम नमस्कार. आपला गुडघा, विहीणबाईंचा दमा आणि शहापूरची महामार्गाकाठची धूळ ही तिन्ही आटोक्यात असावीत, अशी रोज तुळशीपाशी प्रार्थना करतो. येथे आपली कन्या रिता व नात रुचिका सुखरूप आहेत. माझे क्षेमकुशल मात्र आपले धाकटे बंधू भोजराज यांच्या हाती आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

देवशयनी एकादशीस मी देवळात सर्वांसमक्ष संकल्प सोडला की, चातुर्मासात घरी आलेला अतिथी 'तृप्त झालो' असे स्वमुखाने म्हणेपर्यंत यजमान या नात्याने मी अन्नाला शिवणार नाही. याहून सुलभ व्रत नाही, अशी माझी समजूत होती. (आमच्याकडचे पाहुणे इतके भिडस्त की, पाट मांडण्याआधीच पोट भरल्याचे सांगतात.) अशात आपल्या शेतातल्या बांधीत रोवण्याला भाताची रोपे कमी पडली आणि ती मागण्यास भोजराज आले. रोपे त्याच दिवशी शहापुरास पोचली. भोजराज येथेच राहिले.

त्यांच्या भोजनात दोष काढणे कठीण आहे. कढी सरली की पत्रावळीवर भात उरलेला असतो, म्हणून कढी वाढावी लागते. ती वाढली की भात सरून कढी उरते, म्हणून भात. या चक्राला आदि आहे, अंत नाही. एकदा रिताने दोन्ही एकाच घासात संपतील असा बेत साधला, तेव्हा त्यांनी लोणचे उरल्याचे नम्रपणे निदर्शनास आणले. मी हात जोडून तृप्तीविषयी विचारले असता म्हणाले, "कसं म्हनू जी व्याहीजी? खोटं बोलनं पाप हाय, तुमीच तं काल देवळात सांगतलं." (निरूपण माझेच होते, आणि सत्यावरच होते.) सकाळची पंगत सायंकाळच्या पंगतीला जाऊन मिळते, आणि तृप्तीचा शब्द उच्चारण्यापूर्वीच ते भिंतीला टेकून निद्राधीन होतात.

मी तीर्थावर आहे. तीर्थ हे अन्न नव्हे, असा निर्णय ग्रंथ चाळून मी स्वतःच दिला. तेव्हापासून बाळकृष्णाला दिवसभर पंचामृताचे अभिषेक चालू आहेत. देवाला मुंग्या लागल्या आहेत. व्रत मोडावे, तर शेजारच्या बुधरामची बायको बायाबाई रोज दारातून विचारते, "जेवले का जी बुवा?", आणि माझे उत्तर माझ्याआधी देवळात पोचलेले असते.

रुचिका सांगते की, आपल्या वाट्याहून अधिक घेणाऱ्यास इंग्रजीत 'हॉग' म्हणतात, म्हणजे वराह. मी तिला दटावले. एक तर ते व्याह्यांचे बंधू. दुसरे, वराह हा भगवंतांचा अवतार असल्याने ही पदवी भोजराजांना देणे मला अतिशयोक्तीचे वाटले.

तरी कृपा करून त्यांना काही निमित्ताने माघारी बोलवावे. म्हैस आजारी आहे असे कळवलेत तरी चालेल. (सत्यावरचे निरूपण आता आटोपले आहे.)

आपला क्षुधित व्याही,
दादाजी

ता.क. पाकीट चिकटवणार, तोच आमच्या सौ. देवकाबाईंनी एक सूक्ष्म मुद्दा काढला. "नेम घरधन्याचा हाय ना? मंग तुमी दुसऱ्याच्या घरी पाहुने होऊन जा." शास्त्रात याला बाध सापडला नाही (फार शोधला नाही). बुधरामकडे अतिथी होऊन गेलो. लिलाधरजी, तेथे कढी सरली तेव्हा माझ्या पत्रावळीवर खरोखरच भात उरला होता. नंतर भात सरला. भोजराजांवर मी फार अन्याय केला. शेवटी बायाबाईने रिकामे पातेले आणून दाखवले आणि तृप्ती झाली का असे विचारले. मी सत्याला स्मरून मौन पाळले. रुचिकाने ती पदवी आता माझ्याकडे वर्ग केली आहे.

आणखी एक. बंधूंना बोलावण्याची घाई करू नये. बुधरामने तेव्हापासून घराला कुलूप लावून रोवण्याला जाण्याची सवय लावून घेतली आहे, म्हणून येत्या द्वादशीस मीच भंडाऱ्याच्या एसटीने निघून उर्वरित चातुर्मासापुरता आपल्याकडे येत आहे. आपण माझ्यासारखा काही नेम धरला असल्यास मी पोचण्यापूर्वी त्याचे उद्यापन उरकून घ्यावे.