पाणी चांगलं होतं, आप्पा

आप्पा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी कारेगावच्या खोलीतली ती दुपार आठवली की डोकं फिरतं. कंपनीतल्या पाण्याच्या प्लांटवर तुम्ही ऑपरेटर होतात. बोअरचं खारं पाणी टाक्यांतून गाळून, क्षार काढून बॉयलरला द्यायचं, हे तुमचं काम. त्या दिवशी मीटरनं क्षार जास्त दाखवले. पाणी चांगलं होतं, मीटर बिघडला होता, आणि हे साहेबालाही ठाऊक होतं. तरी ‘टाकी नीट धुतली नाही, माझी चूक झाली’ असं लिहून, खाली सही ठोकून तुम्ही घरी आलात. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी दहावीत होते. “सही कशाला केली?” म्हणून मी ओरडले. तुम्ही पाय धुतलेत आणि म्हणालात, “मीटर सायबाचा हाय, आन् नोकरीबी त्याच्याच हातात. जेव तू.” आणि खरंच जेवायला बसलात, वर ठेचा मागून घेतलात! तो ठेचा मला आजही खुपतो.

असं वाकायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. शिकले, पुण्यात प्रयोगशाळा मिळाली. माझंही काम पाण्यातल्या क्षारांचंच. तुमच्या टाक्या पुरुषभर उंच होत्या, माझ्या नळ्या काचेच्या चकतीत कोरलेल्या, केसापेक्षा हजारो पट बारीक. नळीच्या भिंतीवर विजेचा भार असतो. तो बाहेरून कमी-जास्त केला की मिठाचे कोणते आयन आत सोडायचे, कोणते अडवायचे, ते आपण ठरवतो. पण त्यासाठी पाणी जवळजवळ अळणी असावं लागतं. मीठ वाढलं की भिंतीचा भार झाकला जातो आणि सगळेच आत घुसतात.

गेल्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीच्या नळ्या ऐकेनात. पोरगी वरवंडची, कामाला वाघ. “मॅडम, तीनदा धुतलंय मी. एकदा पाणी बघता का?” नळ्यांत सोडायचं ते मिठाचं पातळ पाणी मी स्वतः केलेलं होतं. मला तिचा असा राग आला! ‘नळ्या नीट धुतल्या नाहीत’ असं मी तिच्याकडून रजिस्टरमध्ये लिहून घेतलं, सहीसकट. तिनं मान खाली घालून लिहिलं. दोन दिवसांनी कळलं, की मिठाचं मूळ घट्ट द्रावण पातळ न करताच मी बाटलीत भरलं होतं, आणि वर चिठ्ठी मात्र पातळची लावली होती.

हे तुम्हालाच लिहितेय, कारण हे कुठं पोचणार नाही. बाटली मी गुपचूप बेसिनमध्ये ओतली, नवं द्रावण केलं. नळ्या लगेच ऐकायला लागल्या. पोरगी हसत धावत आली, “मॅडम, तुमचंच खरं होतं. या टायमाला नीट धुतलं, आन् झालं बघा!”

मी तिला शाब्बास म्हणाले, आप्पा.