गादीवाल्यास माझ्याआधी बरा न ठरवण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
भौतिकोपचार विभाग,
सामान्य रुग्णालय.

विषय : मला धडक देणाऱ्या इसमास शुक्रवारी मोकळे न करण्याबाबत.
संदर्भ : आपण काल कप्पीजवळ केलेली तोंडी घोषणा.

महोदय,

१. अर्जदाराचे केशकर्तनालय आहे. शटर वर करत असताना सदर इसमाने दुचाकीवर डबल बेडची गादी आडवी घेऊन येऊन अर्जदारास उडवले. गादी पलीकडे पडली, आम्ही दोघे अलीकडे. ती चार हात इकडे पडती तर आपल्याला हा अर्ज वाचण्याची तसदी पडली नसती. माझा उजवा खांदा मोडला, त्याचा डावा.

२. विभागात कप्पी एकच असल्याने उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांस एकाच दोराच्या दोन टोकांना लावले. त्याने ओढले की माझा हात वर, मी ओढले की त्याचा. याविरुद्ध मी तेव्हाच तक्रार केली होती. ती आपण फेटाळलीत, याबद्दल आता मनापासून आभारी आहे.

३. कारण तो समोर दिसला की माझ्या अंगात बळ येते. याच्या आधी बरे व्हायचे, या एका हट्टावर हात कानापर्यंत आला. मध्यंतरी तो तापाने आला नाही, तेव्हा बाईंनी दोराला वाळूची पिशवी बांधली. पिशवीवर राग धरता येत नाही. हात छातीशीच अडकला. घरी पत्नीने डोक्यावर उशी आडवी धरून त्याची नक्कल केली, तेव्हा जेमतेम हनुवटीपर्यंत गेला.

४. आता आपण म्हणता, तो ठणठणीत झाला. ज्याने पाडले तोच आधी उठून चालू लागणार, हा कुठला न्याय? माझा हात अजून गिऱ्हाइकाच्या टाळूपर्यंत पोहोचत नाही. कानापर्यंतचेच केस कापून घ्यायला कोण येईल? दुकान बंद आहे आणि ते बंदच राहील, अशी मला फार भीती वाटते, साहेब.

५. सदर इसम आंधळा आहे, रेडा आहे, त्याला वाहन चालवायची अक्कल नाही. तरी माझा हात टाळूला लागेपर्यंत त्यास कृपया आजारी समजावे.

आपला, हात वर करण्यास उत्सुक,
(डाव्या हाताचा अंगठा)
केशकर्तनालयाचा मालक
बुधवार

सोबत : उशीच्या प्रयोगाबाबत पत्नीचा जबाब.

ता. क. : अर्जदारांना लिहिता येत नसल्याने अर्ज मी लिहून दिला आहे. 'आंधळा' आणि 'रेडा' त्यांनी सांगितले तसेच उतरवले. माझी हरकत नाही. शुक्रवारनंतरही मी येईन, फक्त कागदोपत्री आजारी ठेवा, नाहीतर दारावरचा रखवालदार आत सोडत नाही. धडक झाली त्या दिवसापासून मी केस कापलेले नाहीत. दुकान उघडले की पहिला मान माझा, असे आमचे ठरले आहे.
— गादीवाला