दर वीस मिनिटांनी

दि. ४ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी पाणी भरलं. कारखान्यात मोज्यांच्या सहा यंत्रांवर पाळी केली, परत आलो. बाकी विशेष नाही.

तुझ्या वहिनीला उद्या तुझ्याकडे पाठवतो. आमची तान्ही ठकी जाऊन तीन महिने झाले, ही अजून बोलत नाही. तुझ्या तोंडाला कुलूप नाही, तेवढाच तिला बदल. एक सांगून ठेवतो. ती दर वीस मिनिटांनी उठते, हात पुढे करते, जरा थांबते आणि बसते. काही विचारू नकोस.

तुझ्या बाळाला, ढब्याला, गालगुच्चा. लोभ आहेच, तो असू दे.

दादा

दि. १० ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनी सुखरूप पोचली. माझ्या बडबडीला विटली असेल, पण सांगते कुणाला! ढब्या चार दिवस सर्दीने फुरफुरतोय.

तिच्या उठण्यावर मी घड्याळ लावून बसले. मिनिटाचाही फरक नाही. हे म्हणाले, तुला नसते उद्योग.

पण आज सकाळपासून वेगळंच चाललंय. आधी ती उठून हात पुढे करते, मग ढब्या रडतो. गुडघे पोटाशी घेऊन किंचाळतो, पांढराफटक पडतो, आणि क्षणात शांत. डोळे उघडे, हूं की चूं नाही. सासूबाई म्हणतात, पोट धरलंय, शेका. मला त्याच्या रडण्यापेक्षा वहिनीची भीती वाटते. ठकीला नेमकं काय झालं होतं रे? 'पोटाचं झालं' एवढंच तू कळवलंस. लगेच लिही.

तुझी, घाबरलेली
धाकटी

दि. १२ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

परवा तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकून आले, तर घरात ना वहिनी, ना ढब्या. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, बाई मुलाला घेऊन दवाखान्याकडे पळाल्या. मी पोचले तेव्हा ती डॉक्टरांना सांगत होती की याचं आतडं आतड्यात शिरलंय, गप्प झाला तरी घरी पाठवू नका. तीन महिन्यांनी तिचा आवाज ऐकला.

तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, सर्दीच्या विषाणूने क्वचित आतड्यातल्या गाठी सुजतात. आतडं ती सूज पुढे ढकलायला जातं आणि स्वतःच्याच पुढच्या भागात शिरतं. खालून हवा सोडून त्यांनी ते सोडवलं, कापावं लागलं नाही. उशीर झाला असता तर आतडं सडलं असतं.

ढब्या आता दूध पितो आणि चावतो. वहिनी कालपासून एकदाही उठली नाही. ठकीलाही हेच झालं होतं, तिनेच सांगितलं. तू का नाही रे लिहिलंस? मी रागावले आहे.

तरीही तुझीच
धाकटी

दि. १५ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. कारखान्यात यंत्र गप्प झालं की मी धावतो, कारण धागा तुटलेला असतो. वीस वर्षं हेच केलं. ठकीही दर वीस मिनिटांनी किंचाळायची, ही उठून तिला हातांवर घ्यायची. ठकी गप्प झाली तेव्हा मात्र म्हणालो, बरं झालं, शमलं. ही म्हणाली, दवाखान्यात नेऊ. मी म्हणालो, झोपू दे. ती दोनदा म्हणाली होती. तुला खरं लिहायचं तर हेही लिहावं लागलं असतं.

तिला हवं तितकं ठेवून घे. माझ्याकडे परतायचं की नाही, ते तिने ठरवावं.

ती उठायची थांबली हे वाचून बरं वाटलं. अकरा तारखेपासून इथे मी उठतो. तेव्हा तुझं पत्र आलंही नव्हतं. हे लिहिताना दोनदा उठलो. हात पुढे होतात, त्यांवर जरा वेळ वजन येतं, मग जातं.

ढब्याला जप. लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

दादा

ता. क. सदऱ्याचं बटण तुटलंय. ते लावतो आणि पत्र टाकायला जातो.