चेनकडच्या तारा

खडकी, पुणे
सोमवार, ३० नोव्हेंबर २०१५

प्रिय सत्यशीला,

हे पत्र आई घेऊन येईल. उद्या सकाळची बस धरून ती हडपसरला तुझ्या खोलीवर पोहोचेल. पिशवीत शेंगदाण्याची चटणी असेल आणि चटणीच्या खाली हा कागद. तू आधी चटणीच काढशील हे मला ठाऊक आहे. पण पत्र उद्याच वाच, शर्यतीच्या सामानात टाकून ठेवू नकोस. शनिवारी पहाटे तुमची शर्यत सुटणार आणि यात जे आहे ते त्याच्या आत व्हायला हवं. तुझ्या मागच्या चाकाबद्दल आहे. कालपासून मी तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा 'जेवलीस का' एवढंच विचारून ठेवून दिला. साठीचा माणूस असं करायला लागला की समजावं, त्याला दुसरंच काही बोलायचं आहे.

तू पहिल्यांदा या शर्यतीचं नाव काढलंस तेव्हा मला वाटलं, झालं, कंपनीतल्या लोकांचं नवं खूळ. इगतपुरीपासून आंबोलीपर्यंत, डांबरी सोडून डोंगरातल्या कच्च्या वाटांनी, नऊशे किलोमीटर, आणि सगळं आपलं आपण. मग तू नियमांचा कागद वाचून दाखवलास. वाटेत जे सगळ्यांसाठी उघडं आहे ते घ्यायचं, म्हणजे हॉटेलातला चहा, शाळेचा व्हरांडा, गावातलं पंक्चरचं दुकान. पण फक्त तुझ्यासाठी म्हणून कोणी काही आणून दिलं की तू बाद. मी म्हटलं, मी टेम्पो घेऊन मागून येतो. तू म्हणालीस, "नाही चालत." म्हटलं, लांबून येतो. "लांबूनही नाही." मग म्हटलं, योगायोगाने मी आणि तुझी आई आंबोलीला फिरायला गेलेलो असलो तर? तू म्हणालीस, "अण्णा, चाळीस वर्षांत दुकान सोडून तुम्ही कुठे फिरायला गेलात? त्यांना पहिल्या मिनिटाला संशय येईल." नंतर विचार करत बसलो तेव्हा वाटलं, आमचं सगळं आयुष्यच या नियमाने गेलं, फक्त शेवटी पदक घेऊन कोणी उभं नव्हतं.

तुझे आजोबा दारूगोळा कारखान्यात ओझी वाहायचे. मी मॅट्रिकला आपटलो आणि त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि नट पिळायचे दोन पाने घेऊन बसलो. चार वाजता भोंगा झाला की हजारभर सायकली एकदम बाहेर पडत. त्या गर्दीत मी मान वर न करता हाक मारायचो, "साहेब, मागचं बेअरिंग बोलतंय, घरापर्यंत जाणार नाही." माणूस हसून पुढे जायचा आणि होळकर पुलापासून सायकल ढकलत परत यायचा. त्यावरून नाव पडलं, कानवाले बाबुराव. आमच्या घरचं पाणी न पिणारे लोकसुद्धा सायकल घेऊन यायचे, आणि मी तपासत असताना तोंड मिटून उभे राहायचे, कारण मी त्यांना सांगायचो, बोलू नका, मला ऐकू द्या. साहेबांना गप्प बसवणारा आमच्या घराण्यातला मी पहिला. तू कॉलेजात जाऊन पुढे मोठी झालीस, पण आपल्या घराची इज्जत आधी या कानाने कमावली. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. पुढचं कळावं म्हणून लिहितोय.

मग सायकली गेल्या. नव्वदनंतर ज्याला त्याला हप्त्यावर मोपेड मिळायला लागली. माझ्या ओळीतली चार दुकानं मिटली, एकाचं मोबाइलचं झालं, एकाने वडापाव लावला. मी तगलो तो शाळेतल्या पोरांच्या सायकलींवर. आणि दहा-पंधरा वर्षांनी गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तुझ्यासारखे लोक आले, एका बोटाने उचलता येणाऱ्या सायकली घेऊन. हायड्रॉलिक ब्रेक काय असतो ते मी पन्नाशीनंतर शिकलो. पण गिऱ्हाइकाला कळू दिलं नाही. म्हणायचो, ठेवून जा, आज गर्दी आहे. तो गेला की शटर अर्धं ओढायचं आणि खोलून बघायचं. असं झाकून झाकून मी धंदा टिकवला आणि त्याचं मला कौतुक होतं. झाकायची सवय कुठे थांबत नाही, हे तेव्हा कळलं नाही.

औंधच्या मच्छिंद्रचं सायकलींचं काचबंद दुकान तू बघितलंयस. त्याने चाकातल्या तारांचा ताण मोजायचा काटा बाहेरून मागवला तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "कान नसला की काटा लागतो." तो तसा सरळ माणूस. म्हणाला, "बाबुराव, माझा काटा मी दर वर्षी तपासून घेतो. तुमचा कान कोण तपासतं?" लोक हसले. मीही हसलो. या गोष्टीला दीड वर्ष झालं.

चाक कसं भरतात, म्हणजे तारा ओवून कशा ताणतात, हे तुला सांगायची गरज नाही. सात वर्षांची असताना तू उलट्या खोक्यावर बसून डोळे मिटायचीस, मी नखाने एकेक तार छेडत जायचो, आणि एखादी ढिली असली की माझ्या आधी तू म्हणायचीस, "अण्णा, ही रुसली." मागच्या चाकाच्या चेनकडच्या तारा जास्त ताणाच्या, म्हणून त्या बारीक, उंच बोलतात. दुसऱ्या बाजूच्या जाड बोलतात. सगळ्यांनी आपापल्या बाजूला एका आवाजात बोललं की चाक बसलं. बास, एवढीच विद्या. या महिन्यात तुला दुकानात बसवून मी बाकी सगळं परत घोटून घेतलं. डोळ्यांवर पट्टी बांधून ट्यूब बदल, तुटलेली चेन जोड, ब्रेकचे गुटके बदल. ट्यूबला तू बारा मिनिटांवरून सातवर आलीस. एकदा, ऑक्टोबरात, तू सहज विचारलंस, "अण्णा, चाकं मच्छिंद्रकाकांकडून काट्यावर बघून घेऊ का?" त्या दिवशी मी तुझ्यासमोर अर्ध्या भाकरीवर उठलो. तू परत विचारलं नाहीस. दिवाळीच्या आठवड्यात मी दोन्ही चाकं भरली. सहा डिसेंबरला आम्ही दरसालप्रमाणे चैत्यभूमीला जाऊ आणि पहिल्यांदाच तू सोबत नसशील. मनात म्हणत होतो, ती नसली तरी माझ्या हातच्या चाकांवर असेल.

काल तू सगळ्या पिशव्या लावून, पाणी भरून, रेंजहिल्सचा चढ दोनदा मारून आलीस. दारात उतरलीस आणि म्हणालीस, "अण्णा, चढावर जोर लावला की मागून बारीक टिक येते. चाकाच्या एका फेऱ्याला एकदा." मी सायकल उलटी केली, पायडल हाताने फिरवलं, तारा छेडल्या, कान जवळ नेला. म्हणालो, काही नाही. तू म्हणालीस, "पण मला येतंय ऐकू." त्यावर मी जे बोललो ते मी तसंच लिहितो, म्हणजे मला ते परत वाचावं लागेल. म्हणालो, "चाळीस वर्षं हा कान चालतोय. टिकटिक सायकलमध्ये नाही, तुझ्या डोक्यात आहे. भीती वाटत असेल तर तसं सांग, चाकाला नावं ठेवू नकोस." तू म्हणालीस, "तुम्ही म्हणता म्हणजे नसेल," आणि त्याच चाकावर हडपसरला गेलीस. रागाने म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. तू खरंच मानलंस.

तू कोपऱ्यावरून वळलीस. आई कप उचलत होती. म्हणाली, "अहो, ती टिक मला ओट्यावरून ऐकू आली." मी म्हणालो, तुला सायकलीतलं काय कळतं. ती म्हणाली, "सायकलीतलं नाही कळत. ऐकू येतं." आणि कप खाली ठेवून ती समोर बसली. दुकानात बाई गिऱ्हाईक आलं की ती आतून बाहेर का येते, ते काल कळलं. त्या बाईने विचारलेलं ती मोठ्याने परत विचारते, जसं काही तिलाच जाणून घ्यायचंय. मला वाटायचं, हिला आता म्हातारपणी चौकशा सुचायला लागल्या. कुकरच्या शिट्ट्या चुकतात म्हणून आता गॅसजवळ मला ती बसवतच नाही. दीड वर्ष ती हे करत होती आणि बोलत नव्हती. तिला वाटत होतं, माझा कान गेलाय हे मलाच माहीत नाही.

मला माहीत होतं. मच्छिंद्रचं ते बोलणं ऐकलं, त्याच आठवड्यात मी बुधवार पेठेत सामान आणायला जातो म्हणून गेलो आणि एका कानाच्या डॉक्टरकडे शिरलो. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले आणि हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा. काचेपलीकडे एक मुलगी यंत्र चालवत होती. मी तिच्या हाताकडे बघून बटण दाबत होतो. चांगलं चाललं होतं. मग तिने हाताने खूण केली, काका, डोळे मिटा. डोळे मिटल्यावर नुसती शांतता. कागदावर एक रेघ निघाली, ती डावीकडे, जाड आवाजांना, सरळ चालते आणि उजवीकडे, बारीक आवाजांना, घाटासारखी खाली येते. डॉक्टर म्हणाले, हातोडी आणि कॉम्प्रेसर यांच्याजवळ इतकी वर्षं काढली, उंच आवाज आधी जातात. यंत्र लावा. मी तो कागद जुन्या टायरच्या गठ्ठ्यात कोंबला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पाटीवर अजून 'कानवाले' आहे, ती कशी काढायची?

आता तूच जुळव. चेनकडच्या तारा उंच बोलतात. दिवाळीत तुझं चाक भरताना दुसऱ्या, डाव्या बाजूच्या मला ऐकू आल्या. चेनकडच्या मी छेडत होतो, नखाला जाणवत होतं, आणि आवाज मी आठवणीतून घालत होतो. म्हणून तर सगळ्या एका आवाजात बोलल्या. तो आवाज माझ्या डोक्यातला होता.

आज सकाळी मी औंधला गेलो आणि मच्छिंद्रला, त्याची दोन गिऱ्हाइकं उभी असताना, हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हसेल. त्याने हात पुसले, मला खुर्ची दिली आणि म्हणाला, चाक बुधवारी आलं तर गुरुवारी संध्याकाळी मिळेल. तार ढिली असेल तर ठीक, रिमला तारेच्या भोकापाशी चीर असेल तर त्याच्याकडचं दुसरं चाक देईल. तेव्हा बुधवारी चाक काढून त्याच्याकडे पोहोचव, तोवर त्या सायकलवरून एकही उतार उतरू नकोस, ऑफिसलाही बसने जा. हे झालं चाकाचं. निघताना त्याने विचारलं, "पोरीला सांगितलंत?" म्हटलं, तुमच्याकडे यायला सांगेन, काट्यावर एकदा बघून घे म्हणेन. तो म्हणाला, "तेवढंच सांगणार?" आणि मी बसमध्ये बसल्यावर कळलं की तो बरोबर बोलला. नुसतं चाक बदललं तर तू शनिवारी चांगल्या चाकावर जाशील, पण तुझ्या मनात हेच राहील की टिक नव्हती, डोक्यात होती, अण्णांनी सांगितलं. मग तिकडे चौथ्या-पाचव्या दिवशी, अंग थकलेलं असताना, ब्रेकमधून किंवा चेनमधून काही बारीक ऐकू येईल आणि तू स्वतःला म्हणशील, डोक्यात असेल, आणि घाट उतरशील. तिथे मी नसणार, टेम्पो नसणार, आई नसणार. तिथे फक्त तुझा कान आहे आणि काल मी तोच तुझ्याकडून काढून घेतला. तो परत द्यायला हे पत्र आहे. काही ऐकू आलं की उतर, बघ, सापडेपर्यंत बघ, मग कोणी काही म्हणो. काल चाकात टिक होती, सत्या. तू ऐकलीस ती बरोबर होती. मला ती ऐकू आली नाही, आणि मला ऐकू येत नाही हे तुला 'डोक्यात आहे' म्हणताना मला माहीत होतं.

तुझाच,
अण्णा